अमेरिकेच्या जुन्या नॅशनल बँक नोटा: किंमत ठरवताना या चुका टाळा

१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक बँकांनी स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या. एका मालिकेत चित्र आणि आराखडा सगळ्यांचा सारखाच. बदलायचं ते बँकेचं नाव, गाव आणि चार्टर क्रमांक (सरकारने बँकेला दिलेल्या परवान्याचा क्रमांक). संग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः यासाठी. तरी बहुतेकांची नजर आधी सालावर जाते.

साल फसवं असतं. ‘सिरीज ऑफ १९०२’ लिहिलेल्या नोटा १९२९ पर्यंत छापल्या जात होत्या. त्यांतल्या लाल शिक्क्याच्या नोटा १९०८ पर्यंतच निघाल्या, म्हणून महाग. निळ्या शिक्क्याच्या त्या मानाने भरपूर मिळतात.

१९२९च्या लहान आकाराच्या नोटांत वेगळीच गफलत होते. तपकिरी शिक्का आणि वर ‘नॅशनल करन्सी’ दिसलं, की लोक निश्चिंत होतात. पण त्याच साच्यात फेडरल रिझर्व्ह बँकांच्याही (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या विभागीय बँकांच्या) नोटा आहेत. त्यांवर चार्टर क्रमांक नसतो, ए ते एलपैकी एक काळं अक्षर असतं. नॅशनल नोटेवर चार्टर क्रमांक काळ्या शाईत दोनदा येतो. या नोटांचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार आहेत; टाइप २मध्ये तो सिरीयल नंबरशेजारी तपकिरी शाईत आणखी दोनदा असतो. टाइप २ सुरू झाला १९३३मध्ये, आणि काही बँकांनी या प्रकारच्या नोटा फारच थोड्या काढल्या. टाइप १चा भाव त्यांना लावू नका.

न्यूयॉर्कची चेस नॅशनल, चार्टर २३७०, किंवा सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ अमेरिका, चार्टर १३०४४, यांच्या नोटा मुबलक आहेत. पण लहान गावाची बँक म्हणजे नोट दुर्मीळच, हेही खरं नाही. काही बँकवाल्यांनी नव्या नोटांच्या न कापलेल्या शीटच्या शीट घरी जपून ठेवल्या होत्या. बँकेने किती छापल्या किंवा सरकारी हिशेबात किती परत यायच्या राहिल्या, यापेक्षा आज किती नोटा शिल्लक असल्याचं माहीत आहे हा आकडा महत्त्वाचा. जळालेल्या-हरवलेल्या नोटाही त्या हिशेबात ‘बाकी’च दिसतात. बँकेने मध्येच नाव बदललं असेल तर प्रत्येक नावाची मोजणी वेगळी करा. चार्टर तोच असला तरी एखादं नाव दुर्मीळ निघू शकतं.

नोट धुणं, इस्त्रीने घडी मोडणं, कडा कापून सरळ करणं, फिकट सही पेनाने गिरवणं: यांतलं काहीही केलंत तर भाव घसरतो. घडी पडलेली पण न छेडलेली नोट ‘चकाचक’ केलेल्या नोटेपेक्षा कधीही बरी. पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिएस्टरचं घ्या, आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी तर मुळीच नको.

भाव बघताना मागितलेली किंमत धरू नका. तोच चार्टर, तेच दर्शनी मूल्य, तोच टाइप आणि जवळचा दर्जा असलेली नोट प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते शोधा. लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुधा खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलेलं असतं, तेव्हा विकणाऱ्याच्या हाती तेवढी रक्कम पडत नाही.