बर्निनाला जायचं तर साधी गाडी पकडा

मी मध्य रेल्वेत गार्ड होतो, नोकरीचा बराच काळ कर्जत-लोणावळा घाटात गेला. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणी युरोपला निघालं की आधी माझ्याकडे चहाला येतं. “काका, स्वित्झर्लंडात काय बघू?” टिटलिस, युंगफ्राऊ टूरवाले दाखवतातच. मी सांगतो, एक दिवस मोकळा काढा आणि सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला बर्निना लाईनच्या रेल्वेने उतरा.

आपल्या बोर घाटात ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ. तेवढ्यालाही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. बर्निना लाईनवर १४ मीटरला एक मीटर चढ आहे आणि चढाला पकड द्यायला मध्ये दात्यांचा रूळसुद्धा नाही! गाडी लहान, मीटर गेजची, हे खरं. पण निव्वळ चाकांच्या पकडीवर ती २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनाला चढते आणि मग तिरानोला ४२९ मीटरपर्यंत उतरते. १९१० पासून हे चाललंय. मला तर खिडकीबाहेरच्या बर्फापेक्षा याचंच जास्त अप्रूप.

आता तिकिटाचं. ‘बर्निना एक्सप्रेस’ नावाची पॅनोरामा गाडी सगळे एजंट गळ्यात मारतात. काचा छतापर्यंत, पण उघडत नाहीत. आरक्षण सक्तीचं आणि स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस स्विस गाड्यांत फिरायचं तिकीट) असला तरी त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साधारण तासातासाने साधी गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, पास चालतो आणि बऱ्याच डब्यांत खिडकी खाली ओढता येते. मोबाईल बाहेर धरताना मात्र जपून, बोगदे अचानक येतात.

सेंट मॉरिट्झहून निघताना उजवीकडे बसा. मोर्तेराच हिमनदी त्या बाजूला दिसते, आणि पुढे लागो बियांको तलावही. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे त्याचं पाणी दुधट दिसतं. शेजारीच लेय नाइर हे काळसर तळं आहे. दोघांच्या मधून पाणलोटाची रेघ जाते: पांढऱ्याचं पाणी एड्रियाटिक समुद्राला, काळ्याचं डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला.

आल्प ग्रूमला उतराच. तिथे मोटाररस्ता पोचत नाही. स्टेशनातच रेस्टॉरंट आणि समोर पालू हिमनदी. कॉफी घ्या, पुढची गाडी येतेच. तिथून गाडी वळणं घेत हजारभर मीटर खाली पोस्कियावोला येते. आता जागा बदलून डावीकडे बसा, खालचा तलाव त्या बाजूला आहे. ब्रुसिओला नऊ कमानींच्या गोल पुलावरून फिरून गाडी स्वतःच्याच मार्गाखालून निघते. इथे शेवटच्या डब्यात असाल तर वळणातून इंजिन दिसतं.

मे महिना मुलांच्या सुट्टीला सोयीचा, पण तेव्हा वरचे तलाव बर्फाखाली असू शकतात. निळं पाणी हवं तर जूनअखेर ते सप्टेंबर. ऑक्टोबरात लार्चची झाडं पिवळी होतात, तेही सुंदर.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुंबईत उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, तेव्हा उशीर नको. ज्या देशात जास्त रात्री, त्याचा व्हिसा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तिरानो इटलीत आहे, पण तोच व्हिसा चालतो. पासपोर्ट मात्र खिशात हवा.

शाकाहारी मंडळींनी तिरानोत थेपल्याचा डबा उघडायची घाई करू नये. पित्सोकेरी मागा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर चीज आणि लसूण. एक प्लेट दोघांना पुरते.

परतायला वर जायची गरज नाही. तिरानोत स्विस आणि इटालियन गाड्यांची स्टेशनं शेजारीशेजारी आहेत. इटालियन गाडी अडीच तासांत मिलानला नेते. मुंबईहून जाताना झुरिक आणि येताना मिलान असं विमान काढलं तर हा प्रवास फुकट उलटा करावा लागत नाही. या इटालियन गाडीत स्विस पास चालत नाही, तिकीट वेगळं काढा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर टीसी दंड लावतो. आणि बसा पुन्हा उजवीकडे, कोमो सरोवर त्या बाजूला आहे.