आपोआप आवळणारा बूट बनवताय? या चुका टाळा

बुटाच्या तळाचा फोम अंगठ्याने दाबून निवडणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. नमुना दाबला, मऊ लागला, की नवशिके खूश! पण ७० किलोचा माणूस पळताना पाऊल टेकतो, तेव्हा वजनाच्या दोन-अडीच पट, म्हणजे १४० ते १७५ किलोंचा भार पाव सेकंदात येऊन जातो. अति मऊ फोम तेवढ्यात पूर्ण चेपतो. त्यातल्या हवेच्या पेशी मिटल्या की तो दगडासारखा वागतो आणि धक्का थेट टाचेला बसतो. शिवाय टाच आत रुतली की नीट आवळलेला अप्परही (बुटाचा वरचा भाग) सैल पडतो. मग दोष आवळणाऱ्या मोटरला!

साधा उपाय आहे. मिडसोलच्या, म्हणजे तळातल्या फोमच्या थराच्या बाजूवर मार्करने दर ५ मिलिमीटरला आडव्या रेघा मारा, पळताना मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. टाचेखालची जाडी निम्म्याहून जास्त दबत असेल तर फोम एक पायरी कडक घ्या. ही चाचणी नव्या बुटावर करून थांबू नका. ईव्हीए (बुटांत सर्रास वापरला जाणारा फोम) वापरून बसतो, म्हणून दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा करा.

दुसरी चूक म्हणजे बूट मोबाइलच्या भरवशावर सोडणं. २०१९ च्या फेब्रुवारीत नाइकीचा ३५० डॉलरचा अडॅप्ट बीबी हा बास्केटबॉलचा बूट बाजारात आला. लेस नाही, आत मोटर आणि बॅटरी. अँड्रॉइड ॲपमधून सॉफ्टवेअर अपडेट करताना काहींच्या बुटांतल्या मोटरी हलेनाशा झाल्या. लेस तुटली तर गाठ मारून सामना संपवता येतो. इथे तीही सोय नाही. म्हणून बॅटरी मेली तरी हाताने सुटेल असा यांत्रिक खटका पहिल्याच नमुन्यात हवा. ‘नंतर बसवू’ म्हणणाऱ्यांना नंतर जागा सापडत नाही.

बसून फिटिंग घेऊ नका. उभं राहिल्यावर पाऊल लांबतं आणि रुंदावतं.

बूट आवळायला मोटर जी केबल ओढते, तिच्या लांबीवर नव्हे, ताणावर मोटर थांबवा. जाड मोजा घातला की लांबीचा हिशेब कोलमडतो.

केबल पावलाच्या उंचवट्यावरून सरळ नेऊ नका. तिथे मज्जातंतू कातडीलगत असतो, तो दबला की बोटं बधिर होतात. उंचवट्यावर एक फेरा मोकळा सोडा, बुटाच्या जिभेत पॅडिंग भरा.

परदेशी अरुंद फर्म्यावर (पावलाच्या आकाराचा साचा) बूट चढवून ‘मोटर जुळवून घेईल’ म्हणू नका. मोटर आवळते, चवड्याला जागा करून देत नाही.