मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावून अंतर मोजू नका. ध्रुवांकडचे देश त्यावर ताणून मोठे केलेले असतात. घरातला पृथ्वीगोल काढा. ताणला न जाणारा दोरा घेऊन एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर दाबा आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप बसेल तोच सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलात त्याला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात.

३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा साधारण १७ सेंटिमीटर भरतो. गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार ७,२२५. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून गणित केले तर सुमारे ७,२१० येतात. साध्या दोऱ्याने इतके अचूक उत्तर मिळते!

आता दोऱ्याखाली काय आहे ते बघा: कराची, इराण, कॅस्पियनचे दक्षिण टोक, काळा समुद्र, युक्रेन. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे विमान वळसा घेते आणि प्रत्यक्षात जास्त अंतर कापते.

वेळेसाठी ७,२१० ला ताशी ९०० ने भागा. आठ तास झाले. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणे यांचा अर्धा तास धरा. राहिला वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून वळशासकट जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास धरा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घड्याळात. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची, पोहोचण्याची लंडनची असते. दोन्ही एका घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करू नका. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. समजा जुलैत विमान दुपारी दीडला सुटले आणि साडेनऊ तास लागले. भारतात रात्रीचे अकरा वाजले, त्यातून साडेचार वजा केले की लंडनला संध्याकाळचे साडेसहा. हेच जानेवारीत साडेपाच.

परतीला उलटे करा. जुलैत लंडनहून रात्री नऊला निघाले की तिथले पहाटेचे सहा वाजतात, त्यात साडेचार मिळवा: मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. घ्यायला येणाऱ्यांना तारीख कळवताना हीच दुसऱ्या दिवसाची तारीख सांगा.

तिकिटावर १५ तारीख, ००:४५ असे छापले असेल, तर १४ तारखेच्या रात्री जेवून विमानतळाकडे निघायचे.