शेकडा साडेतीन रुपये : क्रेडिट कार्डाच्या या चुका टाळा

खान्देशातल्या माणसाला व्याज शिकवावे लागत नाही. शेकडा दीड की शेकडा दोन, म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दीड रुपया की दोन, हे तो हातातला चहा संपायच्या आत ठरवतो आणि शेकडा तीन सांगणाऱ्या सावकाराच्या ओट्यावरून पाणीही न पिता उठून येतो. हाच माणूस क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकावर ‘३.५ टक्के’ हा आकडा वाचतो, तेव्हा मात्र तो वर्षाचा दर आहे असे समजून निश्चिंत होतो. तो दर महिन्याचा असतो. मी गेली बावीस वर्षे जळगावात छोट्या दुकानदारांचे आणि नोकरदारांचे हिशेब लिहितो व विवरणपत्रे भरतो. दर जुलैत माझ्या टेबलावर जी बँकेची पत्रके येऊन पडतात, त्यांत त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याने काय केले असेल ते मला कळते.

दराचे आधी सांगतो. आपल्याकडे बहुतेक कार्डांचा थकबाकीवरचा दर महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो. साडेतीन धरला, तर वर्षाचे ४२ टक्के झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, कारण साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट असली तरी क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती नाही. म्हणजे आपल्या भाषेत शेकडा चार रुपये तेरा पैसे. परवानाधारक सावकाराला महाराष्ट्रात सरकारने ठरवून दिलेल्या दराच्या वर जाता येत नाही, बँकेच्या कार्डाला मात्र अशी ठरावीक मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा ‘एवढे व्याज कायद्यात बसते का हो?’ असे विचारत माझ्याकडे येणाऱ्यांना मी खुर्ची देतो, चहा देतो आणि ‘बसते’ असे उत्तर देतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरून समाधान मानणे. ‘मिनिमम भरलं ना भो, आता कसलं टेन्शन!’ हे वाक्य मी महिन्यातून चारदा तरी ऐकतो. एक साधा हिशेब मांडतो, तो कागदावर करून पाहावा. उन्हाळा अंगावर यायच्या बेताला, ५ एप्रिलला, एकाने कार्डावर ४०,००० रुपयांचा एसी घेतला. बिल २० एप्रिलला निघाले आणि भरण्याची शेवटची तारीख १० मे आली. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये, ती त्याने वेळेत भरली. उरलेल्या ३८,००० रुपयांवर व्याज १० मेपासून सुरू होते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते खरेदीच्या दिवसापासून, ५ एप्रिलपासून लागते. २० मेच्या बिलापर्यंत ४५ दिवस होतात आणि ४२ टक्के दराने व्याज १,९६८ रुपये निघते. जीएसटीचे ३५४ रुपये मिळवले की २,३२२ होतात. म्हणजे दोन हजार भरल्यानंतर त्याचे देणे ४०,३२२ रुपये झाले. पैसे भरले आणि कर्ज वाढले.

एवढ्यावर थांबत नाही. मागच्या बिलातली काहीही बाकी राहिली, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत थांबते. दुकानात कार्ड देताना ज्या ‘४५ दिवस बिनव्याजी’ची जाहिरात केली जाते, ती मागची बाकी शून्य असणाऱ्यासाठीच असते. त्यामुळे थकबाकी असताना किराणा, औषधे, मुलांची वह्या-पुस्तके अशी जी खरेदी कार्डावर होते, तिच्यावर त्याच दिवसापासून व्याज चढते. ही गोष्ट उदाहरणासह समजावून सांगावी असा रिझर्व्ह बँकेचा कार्ड देणाऱ्यांना आदेश आहे आणि कार्डासोबत येणाऱ्या पाकिटात ती छापलेलीही असते. ते पाकीट आजवर कोणी उघडून वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कार्ड तेवढे काढून घेतात आणि उरलेले रद्दीत जाते.

माझी सवय अशी आहे की बिल आले की दोन दिवसांत ते पूर्ण भरून टाकतो, शेवटच्या तारखेची वाट पाहत नाही. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची सोय घेतली असेल, तर तिथे ‘किमान’ आणि ‘एकूण’ असे दोन पर्याय असतात. घाईघाईत ‘किमान’ निवडून वर्षभर निर्धास्त राहिलेले तिघे जण मला गेल्या दोन वर्षांत भेटले. आपण कोणता पर्याय निवडला आहे, हे आजच उघडून पाहावे. ज्यांना ‘इतके बारीक कोण पाहतो’ असे वाटते, त्यांनी कार्ड घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या चुकीचा मला मनापासून राग आहे, तिच्याकडे येतो. तिला बाजारात ‘कार्ड फिरवणे’ म्हणतात. एखाद्या दुकानाच्या काचेवर ‘कार्डाचे पेमेंट भरून मिळेल’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तो दुकानदार स्वतःच्या पैशांतून आपले बिल भरतो, कार्डाची मर्यादा मोकळी होते, लगेच तो तेवढीच रक्कम स्वतःच्या मशीनवर घासून परत घेतो आणि वर शेकडा दोन-अडीच रुपये कापतो. कुठलाही माल विकला गेलेला नसतो, खोटे बिल मात्र तयार होते.

माझ्या एका अशिलाचा धाकटा भाऊ तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास बहिणीचे लग्न निघाले आणि सराफ बाजारातली खरेदी तीन कार्डांवर मिळून २,१०,००० रुपयांपर्यंत गेली. व्याज नको म्हणून याने फिरवायला सुरुवात केली. दर महिन्याला अडीच टक्क्यांनी ५,२५० रुपये तो त्या दुकानदाराला देत होता आणि ‘बँकेचे साडेतीन वाचवतो’ असे मोठ्या अभिमानाने सांगत होता. चौदा महिन्यांत ७३,५०० रुपये गेले आणि मुद्दल दोन लाख दहा हजारच्या दोन लाख दहा हजार राहिले. मी पहिल्यांदा कार्डे फिरवणाऱ्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्या माणसाच्या गल्ल्यात रबर लावलेली कार्डांची जुडी होती आणि प्रत्येक कार्डाच्या मागे पांढऱ्या पट्टीवर निळ्या पेनाने पिन नंबर लिहिलेला होता. या मुलाची तीनही कार्डे त्याच जुडीत होती. आपले कार्ड कोणाच्या गल्ल्यात, कोणत्या पिनासह पडले आहे, याचे त्याला काहीच वाटत नव्हते.

पंधराव्या महिन्यात त्या दुकानदाराने एका कार्डाचे ८४,००० रुपयांचे बिल भरले आणि रक्कम परत घेण्यासाठी मशीनवर कार्ड लावले, तर व्यवहार नाकारला गेला. दर महिन्याला एकाच मशीनवर जवळपास पूर्ण मर्यादा घासली जाते, हे बँकेच्या लक्षात आले असावे. तिने त्या कार्डाची मर्यादा एकदम २०,००० वर आणली होती. बँकेच्या बाजूने पाहिले, तर तिचे पैसे वसूल झाले होते. अडकले ते दुकानदाराचे, आणि दुकानदार काही बँकेसारखा पत्र पाठवून थांबणारा नव्हता. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तो दोन माणसे घेऊन याच्या दारात उभा राहिला. रात्री साडेनऊला मला फोन आला, ‘काका, आत्ताच्या आत्ता येता का?’

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने कपाटातून पाटल्या आणि गोफ काढून दिला आणि आम्ही बँकेतून सोनेतारण कर्ज घेतले. बँकेच्या सोनेतारणाचा दर सहसा कार्डाच्या दराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका असतो. त्या पैशांतून दुकानदाराचे देणे आणि उरलेली दोन्ही कार्डे एकाच दिवशी पूर्ण फेडली आणि पिन लिहिलेली कार्डे बंद करायला लावली. जे काम चौदा महिन्यांपूर्वी करायला हवे होते, ते त्याने ७३,५०० रुपये घालवून केले. ‘सोने मोडायचे नाही, गहाण ठेवायचे नाही, लोक काय म्हणतील’ हे कारण त्याने तेव्हा दिले होते. लोकांना गल्ल्यातली जुडी दिसत नाही, एवढाच त्यातला फायदा. महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडणे यात कमीपणा काही नाही, परंतु फेडल्यानंतर तीच कार्डे पुन्हा वापरायला काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

तिसरी चूक खास आपल्याकडची आहे. यावल-रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरी किसान क्रेडिट कार्ड वर्षानुवर्षे असते. मार्चअखेर जुने कर्ज फेडून नवे-जुने करायचे, पुन्हा उचल घ्यायची, ही रीत अंगवळणी पडलेली असते. त्याच घरातला मुलगा नोकरीला लागतो, त्याला बँकेचे क्रेडिट कार्ड मिळते आणि नावात ‘क्रेडिट कार्ड’ आहे म्हणून घरातले सारे जण तेही नवे-जुने करण्यासारखेच समजतात. किसान क्रेडिट कार्डावरचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्के दराचे असते, वेळेत फेडल्यास तीन टक्क्यांची सवलत मिळून ते चार टक्क्यांवर येते, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याचा भार आणखी उतरतो. चार टक्के वर्षाचे आणि चार रुपये तेरा पैसे महिन्याचे, यांतला फरक पाहा. तरीही खरिपाचे बियाणे आणि खते मुलाच्या कार्डावर घेतली जातात, कारण पीककर्जाचे कागद गोळा करण्याचा कंटाळा येतो. केळीचा घड कापायला यायला वर्ष जवळ येते, कपाशीचे पैसे दसरा-दिवाळीनंतर हाती येतात, आणि कार्डाचे बिल दीड महिन्यात दारात असते. कागद गोळा करायचे आठ दिवस वाचवून पुढे सात-आठ महिने शेकडा चार भरण्याची ही घाई मला कधीच समजली नाही.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. कार्डाने एटीएममधून रोख काढू नये, कारण तिथे बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून लागते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे कापले जाते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क कोण भरणार हे विचारावे, बहुतेक वेळा ते आपणच भरतो. मित्राच्या फ्रिजसाठी आपले कार्ड देऊ नये. मित्र हप्ता विसरला, तर सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीतल्या पतीचा, आकडा आपला घसरतो. परदेशी संकेतस्थळावर खरेदी केल्यास रुपयांत बदलण्याचे वेगळे शुल्क बिलात येते. बिल न वाचता भरू नये, न मागितलेला विमा त्यातच सापडतो.

उशिराच्या दंडाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे ग्राहकाच्या बाजूचा नियम आहे आणि तो कोणी वापरत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांनुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बाकी राहिली तरच उशिराचे शुल्क लावता येते, आणि तेही उरलेल्या रकमेच्या हिशेबाने, पूर्ण बिलावर नाही. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज आकारायलाही मनाई आहे. बिलात याच्या विपरीत काही दिसले, तर आधी बँकेला लेखी कळवावे, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. फोनवर आवाज चढवून काही होत नाही. मी सर्वांना ईमेल करायला लावतो आणि त्याची छापील प्रत फाईलला लावतो.

कार्ड बंद करताना तर लोक कमालच करतात. कात्रीने चार तुकडे केले, फोटो काढून घरच्यांना पाठवला, म्हणजे कार्ड बंद झाले अशी समजूत असते. खाते चालूच राहते आणि वर्षाने वार्षिक शुल्क लागते, ते भरले नाही की त्यावर दंड चढतो. पाचोऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांना मुलाच्या गृहकर्जासाठी सहकर्जदार व्हायचे होते, तेव्हा असेच तुकडे केलेले कार्ड त्यांच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्ज-कार्डांच्या नोंदीत, थकबाकीसह जिवंत निघाले. बाकी पूर्ण भरून लेखी विनंती केली, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करायचे असते, आणि उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. गुरुजींनी विनंती दिली, मी तारीख टिपून ठेवली, आठव्या कामकाजाच्या दिवशी त्या नियमाचा उल्लेख करून दुसरा ईमेल पाठवला, आणि त्याच दुपारी कार्ड बंद झाल्याचे पत्र आले. ते पत्र त्यांनी घरपट्टीच्या पावत्यांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. तीन महिन्यांनी वर्षाचा मोफत क्रेडिट अहवाल मागवून त्यात ‘बंद’ अशी नोंद आली आहे का, हे तेवढे पाहायचे राहिले आहे.