नागपूरच्या उन्हात होडीचं रबर आणि रेक्झिन कसं जपावं

आमची लहानशी शिडाची होडी वर्षातले बरेच महिने पाण्यात नसते, ट्रेलरवर शेडखाली उभी असते. तिचं रबर खराब झालं ते पाण्यानं नाही, उन्हानं. मे अखेरच्या नवतप्यात टिनाच्या शेडखाली डेकला, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागाला, हात लावून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. म्हणून ही कामं मी होळीच्या आसपास उरकते, होडी उन्हाळ्यासाठी झाकायच्या आधी.

पहिल्यांदा धुणं. बादलीभर पाण्यात थोडा साधा शाम्पू, मऊ फडकं, आणि रबराच्या खाचांसाठी जुना टूथब्रश. हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या तोंडाच्या, रबराखाली बारीक रेती साचते आणि झाकण उघडताना-लावताना तीच रबर खरवडते, त्यामुळे खाच नीट साफ झालीच पाहिजे. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटची धार नळाच्या पाण्याची द्या आणि लगेच पुसून घ्या.

मग तपासणी. हे काम घाईनं करू नका, कारण रबर वरून चांगलं दिसतं आणि पाणी तरीही आत शिरतं. झाकण जिथे टेकतं त्या कडेवर फळ्यावरचा खडू फिरवा, झाकण नेहमीसारखं बंद करा आणि उघडा. रबरावर पांढरी रेघ उमटलेली दिसेल. ती जिथे तुटली, तिथे रबर टेकतच नाही. दुसरी परीक्षा कागदाची: वहीच्या कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. सरळ निघून आली तर तिथे दाब नाही. अशी चारही बाजूंनी ओढून बघा. शेवटी रबर अंगठ्यानं दाबा. ते लगेच वर यायला हवं. दबलेलंच राहिलं, किंवा वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसल्या, तर ते बदलायचंच.

रबर चांगलं असेल तर त्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, बोटाला जेमतेम ओशट लागेल इतकाच. पेट्रोलियम जेली लावू नका. मी लावली होती. हॅचचं काळं, स्पंजासारखं रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, मोटारीच्या दारालाही तेच असतं, आणि खनिज तेलानं ते फुगतं. काही आठवड्यांत आमचं रबर लिबलिबीत होऊन फुगलं, झाकणाची कडी लागेना आणि जोडापाशी रबर खाचेबाहेर आलं. रबरच सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको, त्याला थोडी टाल्कम पावडर पुरे.

बदलताना जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या. दुकानात नुसतं ‘हॅचचं रबर’ म्हटलं तर कोणाला कळणार नाही, पण मोटारीची बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, विकणारा तो तुकडा बघून जाडी आणि आकार जुळवून देतो. बुचाच्या ओ-रिंगसाठी, म्हणजे रबरी कड्यासाठी, आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मापं हवीत. जुना गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसा. रबर चिकटवताना ताणू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ताणून लावलेलं रबर पुढे आखडतं आणि जोडात फट पडते. उलट मीटरमागे सेंटीमीटरभर जास्त ठेवून कापा आणि टोकं एकमेकांत दाबून बसवा. जोड बिजागरीच्या बाजूला ठेवा. काम सकाळी सातच्या आत सुरू करा, दुपारी गोंद ब्रश फिरवेपर्यंत सुकतो. नंतर २४ तास झाकण लावू नका.

आता व्हिनाइल. सीटचं रेक्झिन, फेंडर (धक्का लागू नये म्हणून होडीच्या बाजूला टांगतात ते फुगे), शिडातली पारदर्शक खिडकी, सगळी एकाच जातीची. त्यांना मऊ ठेवणारा द्रव उष्णतेनं हळूहळू निघून जातो आणि मग ती कडक होऊन तडकतात. अतिनील किरणांपासून जपणारं, पाण्यावर आधारलेलं व्हिनाइल पॉलिश लावा, पण पायाखालच्या भागाला नको, घसरायला होतं. रेक्झिनवरचे गुलाबी डाग वरून घासून जात नाहीत. ते आतल्या ओल्या फोममधल्या बुरशीचे किंवा जिवाणूंचे असतात. गादी उघडून फोम वाळवा.

खिडकी कोरडी कधीच पुसू नका. आधी पाणी ओता, मग धुऊन मऊ झालेलं सुती कापड फिरवा. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव तिला धुरकट करतं. शीड घडी न घालता गुंडाळा, आणि डिसेंबरच्या थंड पहाटे गुंडाळायची घाई नको. व्हिनाइल थंडीत कडक असतं, थोडं ऊन येऊ द्या.

ठेवताना हॅचच्या कड्या सैल करा. महिनोन्‌महिने दाबलेलं रबर तसंच चपटं राहतं. फेंडर काळ्या रबरापासून दूर टांगा, एकमेकांना चिकटून डाग पडतात. ताडपत्री डेकला न चिकटता वीतभर वर राहील अशी बांधा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, आणि पहिला पाऊस पडण्याआधी कड्या पुन्हा घट्ट करा.