जगायला काय काय लागतं? मुगाचे चाळीस दाणे घेऊन मुलांना कसं दाखवावं

'हवा, पाणी, अन्न, निवारा' हे तिसरीतलं मूल घडाघडा म्हणून दाखवतं. पण 'मग झाड काय खातं?' असं विचारलं, की माझा निम्मा वर्ग 'माती' म्हणतो आणि उरलेला 'पाणी'. म्हणून मी आता पाठांतरापासून सुरुवात करत नाही. एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि काय होतं ते मुलांनाच बघू द्यायचं. हिरवे मूग, कापूस आणि दहा-बारा दिवसांचा धीर एवढं पुरतं.

चार भांडी मांडा

प्रत्येक भांड्यात दहा दाणे, मुलाने स्वतः मोजलेले. पहिल्या वाटीत कोरड्या कापसावर, दुसरीत ओल्या कापसावर. तिसऱ्यासाठी काचेचा पेला घ्या. तळाशी दाणे, वर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी आणि त्यावर चमचाभर तेल. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेलाच्या थरामुळे नवी हवा आत जायला वाव राहत नाही. चौथी वाटी दुसरीसारखीच, पण ती फ्रिजमध्ये. बाकीची तिन्ही भांडी बंद कपाटात ठेवा, कारण फ्रिजमध्येही अंधार असतो आणि आपल्याला फरक फक्त थंडाव्याचा हवा आहे. ही गोष्ट मुलांना जरूर समजावून सांगा.

कपाट बंद करण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा. चुकला तरी तो खोडू देऊ नका.

दोन-तीन दिवसांनी कपाट उघडा

ओल्या कापसावरच्या मुगांना मोड आलेले असतात. कोरडे आहेत तसेच. पेल्यातले फुगतात, एखाद्यातून इवलंसं टोक डोकावतं, पण पुढे काही नाही. पाणी भरपूर आहे, हवा नाही. फ्रिजमधले रुजलेले नसतात. ती वाटी बाहेर काढून ओली ठेवा आणि आता किती दाणे रुजतात ते मोजायला सांगा.

इथे एखादं तरी मूल विचारतंच, 'ऊन नसताना मोड कसे आले?' हा प्रश्न आला की समजा, अर्धं काम झालं. भिजलेला दाणा सोलून त्याच्या दोन डाळी दाखवा. ही झाडाच्या बाळाला बांधून दिलेली शिदोरी. ती आहे तोवर उजेडावाचून अडत नाही. घरी आई मटकीला फडक्यात बांधून मोड आणते, तेव्हाही हेच घडतं.

आता उजेड काढून घ्या

मोड आलेले पाच दाणे खिडकीच्या ग्रिलमध्ये, पाच पुन्हा कपाटात. पाणी दोन्हींना सारखं. समोरच्या इमारतीमुळे थेट ऊन येत नसेल तरी चालेल, उजेड पुरतो. पावसाळ्यात कापसावर बुरशी धरते. तिच्यावर रागावू नका, भिंगातून दाखवा. तीही जिवंत आहे आणि तिला हवं ते सगळं त्या वाटीत मिळालं आहे.

पाच-सहा दिवसांनी कपाटातली रोपं जास्त उंच दिसतात आणि मुलं ओरडतात, 'अंधारातलं जिंकलं!' घाईने दुरुस्त करू नका. दोन्ही वाट्या शेजारी ठेवा आणि रंग, खोडाची जाडी, पानांचा आकार यांची नोंद करायला लावा. पिवळं, लुकडं रोप उजेड शोधत लांबलं आहे, त्यात शिदोरी संपवत आलं आहे. हिरवी पानं उजेडाच्या बळावर पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करतात. मातीतून झाडाला क्षार मिळतात, तयार जेवण नाही. हे वाक्य मी याच क्षणी सांगते, आधी नाही. आधी सांगितलं तर ते पाठ होतं, पण पटत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत फक्त निरीक्षण

'मुंगीचं पाणी बंद करून बघू?' असं मुलं विचारतात. ठाम नाही म्हणा आणि का नाही तेही बोला. मेच्या सुमारास गल्लीतल्या झाडावर कावळा काड्यांबरोबर तारांचे तुकडेही नेताना दिसतो. निवारा म्हणजे काय, ते त्यातून कळतं. राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी गार दालन का बांधलं असेल, हे तिथेच उभं राहून विचारा. ते मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, मुंबईचा उकाडा त्यांना सोसणारा नाही.

शेवटी खाडीकडे

मानखुर्दहून वाशीकडे जाताना लोकलच्या खिडकीतून तिवरं दिसतात. जवळून बघायची तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. भरती-ओहोटीच्या वेळा बघून ओहोटी गाठा, आणि मुलांना चिखलात उतरू देऊ नका. पाण्याने गच्च भरलेल्या या चिखलात हवा जवळजवळ नसते. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर येऊन हवा घेतात. पण हे लगेच सांगू नका. आधी ती मुळं दाखवा, तेल ओतलेल्या पेल्यातल्या मुगांची आठवण करून द्या आणि मुलं बोलेपर्यंत थांबा.