माळ्यावरची रॉड पुन्हा खाली काढताना: इंग्लंडमध्ये मित्रांसोबत रोच आणि पाइक

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा गळ टाकायला निघालेली मंडळी सहसा आधी नवी रॉड बघायला जातात. रॉड बहुतेक वेळा ठीकच असते. निकामी झालेली असते ती माशाच्या जवळची वस्तू: लाइन, गळ, वायर, जाळं. आणि बऱ्याच जणांकडे मुळातच नसतं ते मासा सोडवण्याचं सामान. पैसे तिथे आधी घाला.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या सॅमन-ट्राउट वगळता बाकीच्या माशांना 'कोर्स फिश' म्हणतात. रोच, ब्रीम, पर्च, टेंच, चब आणि त्यांच्यावर जगणारा पाइक हे सगळे त्यातच आले. धरलेला मासा परत सोडायचा, ही इथली रीत आहे. पुढचं सगळं ती गृहीत धरून लिहिलं आहे.

कागदपत्रं आणि तारखा

वय १३ किंवा जास्त असेल तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स हवंच. १३ ते १६ वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं लागतं. लायसन्स माणसाचं असतं, रॉडचं नव्हे. तुमच्या नावावर लायसन्स आहे म्हणून सोबतच्या मित्राने 'जरा धरतो' म्हणून रॉड हातात घेतली, तर तो विनापरवाना ठरतो, आणि दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय लायसन्स म्हणजे त्या पाण्यावर बसण्याची परवानगी नव्हे. ती क्लबच्या सभासदत्वाने किंवा डे तिकिटाने वेगळी घ्यावी लागते.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग बंद असतं. तलाव आणि कालव्यांवर बहुतेक ठिकाणी अशी सरसकट बंदी नसते, पण त्या-त्या पाण्याचे स्वतःचे नियम असतात. पाइकसाठी मात्र तारखेपेक्षा तापमान बघा. पाइक दिसायला राक्षस असला तरी गरम पाण्यात फार नाजूक असतो. उन्हाळ्यात दमवून सोडलेला पाइक पोहत जातो आणि नंतर मरतो. पुनरागमनाला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम: पाणी गार झालेलं, पाणगवत बसलेलं आणि रोच अजून खात असलेले.

जुन्या पिशवीची झडती

मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉनची) लाइन बिनदिक्कत फेकून द्या. ऊन आणि वर्षं दोन्ही तिला खातात, आणि वरून ती चांगलीच दिसते. गाठ मारून झटका द्या, कटकन तुटेल. रॉडच्या प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. कुठे धागा अडकला तर आतल्या सिरॅमिकला तडा आहे, आणि ती रिंग नवी लाइनही एका दिवसात कापेल. रीलचं ग्रीस घट्ट झालेलं असतं आणि ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की लाइन बेताने सुटू देणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. स्पूल (लाइनची फिरकी) काढा, चकत्या पुसा, हलकंसं ग्रीस लावा. ड्रॅग अडखळत सुटत असेल तर पाइक पहिल्याच धावेत लाइन तोडतो.

आता बेकायदा झालेल्या वस्तू वेगळ्या काढा. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं चालत नाहीत. म्हणजे शॉट, लाइनवर दाबून बसवायचे छोटे गोळे, ८ नंबर आणि त्याहून बारीक असतील तर शिशाचे चालतील, त्याहून जड बिनशिशाचे घ्या. गाठींच्या विणीची जाळी आणि मासा टोचून काढायचा गॅफ यांनाही बंदी आहे. पाइकचा जबडा फाकवून धरणारा स्प्रिंगचा जुना 'गॅग' कुणाच्या डब्यात निघाला तर तोही टाकून द्या. त्याने टाळू फाटतो आणि त्याची गरजही नसते.

गंजके ट्रेबल (तीन टोकांचे गळ) आणि जुन्या वायर ट्रेस (गळाआधीचे वायरचे तुकडे) यांच्याबाबत दयामाया नको. वायरला एकदा जरी मोड पडला तरी तिची ताकद तिथे संपली.

जागा

पहिल्या फेरीला वेगवान नदी नको. कालवा, फेन भागातला (पूर्व इंग्लंडच्या सखल पाणथळ प्रदेशातला) संथ ड्रेन, म्हणजे पाणी काढायचा चर, किंवा दीड ते तीन मीटर खोलीचा तलाव बरा. थंडी वाढली की रोचचे थवे बोटी बांधायच्या धक्क्यांपाशी आणि मरीनाच्या तोंडाशी गोळा होतात, आणि पाइक त्यांच्या मागे येतो. काठ मोकळा असावा, कारण पाइक ठेवायला सपाट जागा लागते. वरून विजेच्या तारा जात असतील तर ३० मीटर दूर बसा. कार्बनची रॉड उत्तम विद्युतवाहक असते, आणि १३ फुटांची काठी उभी करताना मान वर करून बघायचं राहून जातं.

सकाळ: रोच आणि फ्लोट

१३ फुटी फ्लोट (तरंगा) रॉड, ३ ते ४ पौंडांची (इथे पौंड म्हणजे लाइन तुटेपर्यंत पेलते ते वजन) रील लाइन, २ पौंडांची हुकलेंग्थ (गळ बांधलेला शेवटचा बारीक तुकडा), १८ नंबरचा गळ आणि ३एएए वजनाचा वॅगलर (फक्त बुडाशी लाइनला जोडलेला) फ्लोट एवढ्यावर काम भागतं. फ्लोटचं वजन असं वाटा: दोन एएए आणि एक बीबी (ही शॉटची मापं) फ्लोटच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी घट्ट, मध्यावर एक ४ नंबर आणि खाली तीन ८ नंबर, त्यातला शेवटचा गळापासून २० ते २५ सेंटीमीटरवर. एएए ०.८ ग्रॅमचा, बीबी ०.४ चा आणि ४ नंबर ०.२ चा, त्यामुळे हिशेब जुळतो. पाण्यावर फक्त एक सेंटीमीटर टोक दिसायला हवं. जास्त दिसलं तर आणखी एक ८ नंबर लावा.

खोली मोजल्याशिवाय सुरुवात करू नका. परत आलेले लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग 'पाण्यात मासाच नाही' म्हणतात. गळाला प्लमेट (खोली मोजायचं वजन) लावून फेका. फ्लोट बुडाला तर तो वर सरकवा, आडवा पडला किंवा फार उंच उभा राहिला तर खाली. टोक जेमतेम दिसेल तिथे खोली बरोबर झाली. मग गळ रीलजवळच्या रिंगमध्ये अडकवा, लाइन रॉडला समांतर ताणा आणि फ्लोट जिथे येतो तिथे रॉडवर पांढरी खूण करा. दिवसभरात लाइन तुटली तरी खोली हरवत नाही. सुरुवातीला आमिष तळावर दोन-तीन सेंटीमीटर टेकलेलं ठेवा.

मॅगट, म्हणजे माशीची अळी, इथे पाइंटच्या (अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त) मापाने मिळते. गार दिवसाला माणशी एक पाइंट पुष्कळ. अळीच्या बोथट टोकाला डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात, पण ती तिची श्वसनाची छिद्रं. तिथली नुसती कातडी गळाने हलकेच उचला. आतला पांढरा रस बाहेर आला तर ती अळी फेका आणि दुसरी घ्या. फुटलेली अळी लटकून राहते, वळवळत नाही.

दर फेकीला आठ-दहा मॅगट एकाच जागी टाका. हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत मासा लागला नाही म्हणून मूठभर टाकणं. थंडीत रोचचं पोट लवकर भरतं. अळ्या चुरगळून येत असतील आणि फ्लोट हललेला दिसत नसेल, तर शेवटचा शॉट गळापासून १० सेंटीमीटरवर आणा.

पाइकची जोडणी

रोच गोळा झाले की पाइक येतोच. कधी तुम्ही ओढत असलेल्या रोचवरच झडप घालतो. अशा वेळी जोर लावू नका. २ पौंडांची हुकलेंग्थ तुटेल आणि गळ त्याच्या तोंडात राहील. लाइन फक्त ताणलेली ठेवा, काठाजवळ आल्यावर बहुधा तो रोच सोडतो. पाइकची रॉड टाकायची जागा मात्र कळली: खाद्य पडतं त्याच्या कडेला, दोन-तीन मीटर बाहेर.

रॉड १२ फुटी, २.७५ ते ३ पौंड टेस्ट कर्व्हची (रॉडचं टोक काटकोनात वाकवायला लागणारं वजन). लाइन १५ पौंडांची मोनो किंवा ५० पौंडांची ब्रेड (विणलेली लाइन). त्यापुढे किमान ४५ सेंटीमीटर, २८ पौंडांहून कमी नाही अशी अनेक पदरी वायर. ती वगळली तर पाइकचे दात लाइन कापतात आणि तो दोन ट्रेबल तोंडात घेऊन जातो. त्यामुळे वायर संपली असेल तर त्या दिवशी पाइकची रॉड टाकू नये.

ट्रेबल ६ नंबरचे, सेमी-बार्ब्ड घ्या: तीनपैकी एकाच टोकाला काटा असतो. काटेरी टोक आमिषात जातं आणि बिनकाट्याची दोन बाहेर राहतात. दोन ट्रेबलमध्ये ६ ते ७ सेंटीमीटर अंतर. मॅकरेलचा शेपटीकडचा अर्धा भाग किंवा अख्खा सार्डिन घ्या. वरचा ट्रेबल शेपटीच्या बुडाशी, खालचा कुशीत, आणि डोक्याकडचा भाग मोकळा. पाइक आमिष आडवं धरतो, फिरवतो आणि डोक्याच्या बाजूने गिळतो, त्यामुळे शेपटीकडचे गळ तोंडाच्या कोपऱ्याजवळ राहतात. सार्डिन मऊ असतो. तो अर्धवट गोठलेला असतानाच फेका, नाहीतर हवेत गळून पडतो. जिवंत मासा आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणं बेकायदा आहे. गोठवलेल्या समुद्री माशाने ती कटकटच राहत नाही.

फ्लोट खोलीपेक्षा साधारण ६० सेंटीमीटर जास्तीवर बसवा, ट्रेसच्या वरच्या स्विव्हलजवळ (फिरत्या कडीजवळ) ४० ग्रॅमच्या आसपासचं वजन लावा आणि लाइन हळूच ताणून फ्लोट अर्धा कलता ठेवा. तो आडवा झाला, चालू लागला किंवा बुडाला, तर पाइक आहे. लाइन गुंडाळत जा, वजन हाताला लागलं की लगेच रॉड मागे ओढा. 'जरा गिळू दे' हा जुना सल्ला विसरा. थांबलेल्या प्रत्येक क्षणाला गळ घशाकडे सरकतो. रॉड लावून फिरायला जाणंही नियमात बसत नाही. एकाहून जास्त रॉड असतील तर टोकाच्या दोन रॉडच्या मुठींमध्ये ३ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

काठावर

लागणारं सामान: मासा बाहेर काढायची ४२ इंची लँडिंग नेट (रबर लेपाची, म्हणजे ट्रेबल विणीत अडकत नाहीत), मासा ठेवायला जाड मॅट, १० ते १२ इंचांचे फोर्सेप्स (लांब चिमटा), गळ कापता येतील अशी दणकट कटर, वजनाची झोळी. तिघांमध्ये एक संच पुरतो, पण तिघांच्या मधोमध आणि उघडा मांडलेला. पिशवीत बंद असलेला फोर्सेप्स म्हणजे नसलेला फोर्सेप्स.

पाइक लागला की बाकीच्यांनी आपापल्या लाइन गुंडाळायच्या. एकाने नेट धरायची, एकाने मॅट ओली करायची. नेट आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि पाइकला तिच्यावर ओढून आणा. त्याच्या मागे नेट घेऊन धावलात तर बाहेरचा ट्रेबल जाळीत अडकतो आणि मासा त्यावर पीळ घालतो. नेटजवळ तो शेवटची बुडी मारतोच, तेव्हा ड्रॅग हाताने ओढल्यावर सुटेल इतका सैल हवा. उचलताना दांड्याने नाही, जाळी मुठीत गोळा करून उचला.

मॅटवर गुडघे टेकून मासा दोन्ही मांड्यांच्या मध्ये ठेवा. डाव्या हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून आत घाला आणि झाकणाला आतून चिकटूनच हनुवटीच्या टोकापर्यंत पुढे सरकवा. लाल पिसांसारख्या कल्ल्यांना स्पर्श होता कामा नये. डोकं थोडं उचललं की जबडा आपोआप उघडतो. हे वर्णन वाचून अंगावर काटा येतो, पण नीट धरलेला पाइक आश्चर्यकारक शांत राहतो. अर्धवट, भीत-भीत धरलेला मात्र डोकं झटकतो आणि ट्रेबल तुमच्या हातात रुततो.

गळ दिसत असेल तर फोर्सेप्सने बुडाशी पकडून उलटा फिरवा. खोल असेल तर ट्रेस हलकेच ताणून धरा आणि फोर्सेप्स कल्ल्याच्या फटीतून आत नेऊन गळ पालथा करा. तसं जमत नसेल तर झटापट नको, कटरने गळ कापा. एक ट्रेबल वाचवायला दहा मिनिटं लावण्यात काही अर्थ नाही. ज्याने हे कधी केलेलं नाही त्याने पहिला मासा बघायचा, दुसरा कुणी शेजारी असताना स्वतः सोडवायचा.

फोटोची तयारी मासा अजून नेटमध्ये, पाण्यात असतानाच करा. गोठणाऱ्या हवेत कल्ले आणि डोळे लगेच बाधतात, तेव्हा अर्ध्या मिनिटात आटपा. सोडताना पाण्यात सरळ धरून ठेवा, ढकलू नका. शेपटी जोर धरू लागली की तो स्वतःच निघतो. पाइकला कीपनेटमध्ये (पकडलेले मासे पाण्यात ठेवायच्या लांब जाळीत) ठेवायचं नाही. थंडीत रोचलाही त्याची गरज नसते.

घरी आल्यावर

नेट आणि मॅट तपासा, धुवा आणि पूर्ण वाळवा. ओल्या जाळीतून एका पाण्यातले जीव आणि रोग दुसऱ्यात जातात, शिवाय दोन दिवसांत गाडीला येणारा वास कुणाच्याच घरी लपत नाही. रीलचा ड्रॅग सैल करून ठेवा. वापरलेली प्रत्येक ट्रेस बोटांतून फिरवा, कुठे खरखर लागली किंवा पदर सुटला दिसला तर कापून टाका. उरलेले सार्डिन मात्र पुन्हा गोठवू नका. पुढच्या वेळी ते गळावर टिकतच नाहीत.